फुटबॉल खेळाडूंची बदली, त्यातील वाद आणि दंड : कोल्हापूरचे खेळाडू, पालक व तालीम मंडळांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाहू स्टेडियमवरचा हंगाम तोंडावर आला की कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे, म्हणजे केएसएकडे, खेळाडूंची नोंदणी सुरू होते आणि कोण कोणत्या पेठेकडे गेला याची चर्चा शहरभर रंगते. या चर्चेतील वाद आजवर बहुधा कट्ट्यावर किंवा ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या बैठकीत मिटत आले. आता मात्र कोल्हापूरची मुले राज्याबाहेरच्या व्यावसायिक क्लबांशी करार करू लागली आहेत. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हापासून ही वाट घराघरांतील मुलांना आपली वाटू लागली. या वाटेवर शब्दापेक्षा कागद मोठा असतो. तो कागद कसा वाचावा, वाद झाल्यास कोणाकडे जावे आणि चूक झाल्यास काय भोगावे लागते, याविषयी जे प्रश्न सतत विचारले जातात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

एका तालमीकडून दुसऱ्या तालमीकडे खेळाडू गेला, तर फिफाचे नियम लागू होतात का?

थेट लागू होत नाहीत. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा किंवा शिवाजी तरुण मंडळ यांच्यात हौशी खेळाडूची जी ये-जा होते, तिचा निर्णय कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन आपल्या नोंदणीच्या नियमांनुसार करते. त्याच्या वर राज्य पातळीवर वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे विफा, आहे. देशपातळीवर अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आहे. आणि त्याच्याही वर फिफा, म्हणजे जागतिक फुटबॉलची सर्वोच्च संघटना. फिफाचे ‘खेळाडूंचा दर्जा व बदली’ याविषयीचे नियम मुख्यतः एका देशाच्या महासंघाकडून दुसऱ्या देशाच्या महासंघाकडे होणाऱ्या बदलीसाठी आहेत. देशांतर्गत बदलीचे नियम प्रत्येक महासंघाने स्वतः करायचे असतात. मात्र कराराचा आदर, अल्पवयीनांचे संरक्षण यांसारखी काही मूलभूत कलमे त्यांना पाळावीच लागतात. म्हणून वाद उभा राहिला की पहिला प्रश्न ‘कोण बरोबर?’ हा नसतो. खेळाडूची नोंदणी कोणाकडे आहे आणि सही कोणत्या कागदावर आहे, हे आधी पाहावे लागते.

खेळाडू व्यावसायिक केव्हा मानला जातो?

दोन गोष्टी एकत्र आल्या की. क्लबबरोबर लेखी करार हवा आणि खेळण्यासाठी होणाऱ्या खर्चापेक्षा अधिक रक्कम खेळाडूला मिळत असावी. बाकी सर्व खेळाडू हौशी. आपल्याकडे अडचण होते ती यांच्या मधल्या अवस्थेत. हंगामाचे मानधन तोंडी ठरते, अर्धी रक्कम पाकिटातून हातात दिली जाते, उरलेली ‘स्पर्धा संपल्यावर’ देण्याचे आश्वासन मिळते आणि त्याची नोंद कोठेही राहत नाही. अशा खेळाडूचे पैसे बुडाले तर व्यावसायिक म्हणून त्याला दाद मागता येत नाही, आणि तो मध्येच निघून गेला तर मंडळालाही काही सिद्ध करता येत नाही. रक्कम कितीही लहान असो, ती बँकेतून द्यावी आणि एका पानावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात, असा माझा आग्रह आहे.

करार चालू असताना खेळाडू क्लब सोडून जाऊ शकतो का?

जाऊ शकतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. फिफाच्या नियमांचा पाया असा आहे की मुदतीचा करार मुदत संपल्यावर किंवा दोघांच्या संमतीनेच संपावा. एका बाजूने तो मोडण्यासाठी सबळ कारण लागते. कारणाशिवाय तो मोडला तर नियम १७ लागू होतो आणि मोडणाऱ्याला नुकसानभरपाई द्यावी लागते.

याखेरीज ‘संरक्षित काळ’ नावाची एक संकल्पना आहे, आणि करारावर सही करणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक असली पाहिजे. सही करताना खेळाडूचे वय २८ च्या आत असेल तर पहिली तीन वर्षे, आणि २८ पूर्ण झालेले असेल तर पहिली दोन वर्षे हा संरक्षित काळ असतो. या काळात करार मोडल्यास भरपाई तर द्यावी लागतेच, शिवाय खेळाडूवर चार महिन्यांची खेळबंदी येते आणि प्रकरण गंभीर असेल तर ती सहा महिन्यांपर्यंत वाढते. करार वाढवला की हा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो, ही बाब अनेकांच्या लक्षातच येत नाही.

या नियमावर गाजलेले तीन निवाडे एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. स्कॉटलंडच्या अँडी वेबस्टरने २००६ मध्ये संरक्षित काळ संपल्यानंतर हार्ट्स सोडून विगनशी करार केला. फिफाने त्याच्यावर ६ लाख २५ हजार पौंडांची भरपाई लावली होती. लोझान येथील क्रीडा लवाद न्यायालयाने ती २००८ मध्ये १ लाख ५० हजार पौंडांवर आणली. उरलेल्या काळाचा पगार हाच भरपाईचा आधार धरला गेल्यामुळे करार मोडणे स्वस्त झाले, अशी ओरड क्लबांनी केली. त्यानंतर ब्राझीलचा मातुझालेम २००७ मध्ये युक्रेनचा शाख्तार दोनेत्स्क सोडून स्पेनच्या सारागोसाकडे गेला. त्याच्या प्रकरणात लवाद न्यायालयाने २००९ मध्ये पगारापुरते न थांबता क्लबने गमावलेल्या खेळाडूचे बाजारमूल्यही हिशेबात धरले आणि भरपाई १ कोटी १८ लाख ५८ हजार ९३४ युरोंवर नेली. तिसरा रोमानियाचा आद्रियान मुतू. २००४ मध्ये उत्तेजक चाचणीत कोकेन आढळल्यावर चेल्सीने त्याला काढून टाकले आणि त्याच्या स्वतःच्या वर्तनामुळे करार मोडला असे ठरवून २००८ मध्ये फिफाने त्याच्यावर १ कोटी ७१ लाख ७३ हजार ९९० युरो बसवले. लवाद न्यायालयाने २००९ मध्ये ते कायम केले. येथे खेळाडू स्वतः क्लब सोडून गेलेला नव्हता; त्याला क्लबने काढले होते, तरीही भरपाई त्यालाच द्यायची होती. करार मोडणे म्हणजे पळून जाणे, एवढाच अर्थ डोक्यात असणाऱ्यांनी हा निवाडा लक्षात ठेवावा.

करार संपल्यावर जुना क्लब पैसे मागू शकतो का?

बदलीची रक्कम मागू शकत नाही. बेल्जियमचा ज्याँ-मार्क बॉसमन याचा लिएज क्लबबरोबरचा करार संपला होता, तरी पैसे मिळाल्याशिवाय क्लब त्याला फ्रान्समधील डंकर्ककडे जाऊ देईना. युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी ही पद्धत बेकायदा ठरवली. तेव्हापासून करार संपलेला खेळाडू मोकळा, ही रीत जगभर रूढ होत गेली. तरुण खेळाडूच्या प्रशिक्षण भरपाईचा विषय वेगळा आहे. तो पुढे येतो.

नियम १७ आता रद्द झाला, असे ऐकले. खरे आहे का?

रद्द झालेला नाही, बदललेला आहे. फ्रान्सचा लास्साना दियारा आणि लोकोमोटिव्ह मॉस्को यांच्यात २०१४ मध्ये वाद होऊन करार संपला आणि फिफाने दियाराला १ कोटी ५ लाख युरो भरण्यास सांगितले. त्यानंतर बेल्जियमचा शार्लरॉय क्लब त्याला घेण्यास तयार होता. पण जुन्या नियमाप्रमाणे नवा क्लबही भरपाईला जबाबदार ठरत असल्यामुळे तो करार फिसकटला. दियारा न्यायालयात गेला आणि ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने या नियमांचे काही भाग युरोपीय कायद्याच्या विरुद्ध असल्याचे सांगितले. त्यावर फिफाने तात्पुरती दुरुस्ती करून ती २०२५ च्या आरंभापासून लागू केली. आता नव्या क्लबवर आपोआप जबाबदारी येत नाही. त्याने खेळाडूला फूस लावल्याचे दिसले तरच येते. तसेच वाद चालू आहे एवढ्या कारणाने आंतरराष्ट्रीय बदली प्रमाणपत्र, म्हणजे एका देशाच्या महासंघाने दुसऱ्या देशाच्या महासंघाला द्यायचा बदलीचा दाखला, अडवून ठेवता येत नाही. खेळाडूची भरपाई देण्याची जबाबदारी मात्र कायम आहे. ‘आता कधीही सोडून जाता येते’ असे जे सांगितले जाते, ते चुकीचे आहे.

क्लबने पगार थकवला तर खेळाडूने काय करावे?

फिफाच्या नियमांनुसार किमान दोन महिन्यांचा पगार थकला असेल, तर खेळाडूने क्लबला लेखी नोटीस द्यावी आणि पैसे भरण्यासाठी किमान १५ दिवसांची मुदत द्यावी. त्या मुदतीतही रक्कम आली नाही, तर करार संपवण्यास सबळ कारण मिळते आणि उरलेल्या काळाची भरपाई मागता येते. या क्रमाला फार महत्त्व आहे. रागाच्या भरात सामान घेऊन घरी आलेला खेळाडू, पगार खरोखर थकलेला असूनही, करार मोडणारा ठरू शकतो. नोटीस ईमेलने आणि पोचपावतीच्या टपालाने, अशा दोन्ही मार्गांनी पाठवावी. व्हॉट्सअ‍ॅपवरचे संभाषण पुरावा म्हणून जपून ठेवावे, पण नोटिशीचे काम त्यावर सोपवू नये. नोटिशीची मुदत संपेपर्यंत सरावाला हजर राहावे आणि त्याचीही नोंद ठेवावी.

दुसऱ्या संघाने आमचा करारबद्ध खेळाडू फोडला, तर त्या संघाला काय शिक्षा होते?

व्यावसायिक फुटबॉलमध्ये करारबद्ध खेळाडूशी बोलणी करण्यापूर्वी त्याच्या क्लबला लेखी कळवणे बंधनकारक आहे. करार संपला असेल किंवा संपायला सहा महिन्यांपेक्षा कमी काळ राहिला असेल, तरच खेळाडूला दुसरीकडे करार करण्याची मुभा असते. संरक्षित काळात खेळाडूला फूस लावून करार मोडायला लावला, तर त्या क्लबला सलग दोन नोंदणी काळांत, म्हणजे नवे खेळाडू नोंदवण्यासाठी ठरवून दिलेल्या मुदतींत, नवा खेळाडू घेता येत नाही. पैशाचा दंड मोठे क्लब सोसतात. नोंदणीबंदी मात्र खरी झोंबते, कारण ती थेट मैदानावर दिसते.

भारतात याचे ठळक उदाहरण बचावपटू अन्वर अलीचे आहे. तो दिल्ली एफसीकडून मोहन बागानकडे दीर्घ मुदतीच्या लोनवर, म्हणजे ठरावीक काळासाठी उसना दिलेला, होता. २०२४ मध्ये ते लोन मोडून तो ईस्ट बंगालकडे गेला. महासंघाच्या खेळाडू दर्जा समितीने सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्यावर चार महिन्यांची बंदी घातली, ईस्ट बंगाल आणि दिल्ली एफसी यांना दोन नोंदणी काळांसाठी नवे खेळाडू घेण्यास मनाई केली आणि मोहन बागानला १२.९० कोटी रुपये देण्याचा आदेश दिला. काही दिवसांतच प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, समितीने तो आदेश मागे घेतला आणि नव्याने सुनावणी घेण्याचे मान्य केले. समितीने दिलेली शिक्षा कितीही कडक असली, तरी सुनावणीची रीत चुकली की ती टिकत नाही, हे या प्रकरणातून मंडळांच्या शिस्तपालन समित्यांनीही शिकण्यासारखे आहे. खेळाडूला नोटीस द्यावी, त्याचे म्हणणे ऐकावे आणि निर्णयाची कारणे लिहून द्यावीत. ‘दोन ठिकाणी सह्या’ केलेल्या मुलाला केवळ बैठकीतील संतापावरून वर्षभर घरी बसवणे मला अन्यायाचे वाटते. त्या वयातले एक वर्ष पुन्हा मिळत नाही.

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. त्याची सही ग्राह्य धरली जाते का?

येथे दोन कायदे एकमेकांना भिडतात. फिफाच्या नियमांप्रमाणे अठरा वर्षांखालील खेळाडूचा करार होऊ शकतो, मात्र तो तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीचा असू शकत नाही; प्रौढांसाठी ही मर्यादा पाच वर्षांची आहे. भारतीय करार कायदा, १८७२ मात्र स्पष्ट सांगतो की अल्पवयीन व्यक्ती करार करण्यास सक्षम नाही, आणि १९०३ च्या मोहरी बीबी खटल्यापासून अल्पवयीनाचा करार मुळातच शून्य मानला जातो. वडिलांनी सही केली की प्रश्न सुटतो, असा समज आहे. तोही पुरता खरा नाही. राज राणी विरुद्ध प्रेम अदीब या मुंबई उच्च न्यायालयातील खटल्यात अल्पवयीन मुलीच्या वतीने वडिलांनी चित्रपटात काम करण्याचा करार केला होता. तो शून्य ठरला आणि मुलीला त्या कराराच्या आधारे पैसे मागता आले नाहीत. असा कागद क्लबला मुलावर दडपण आणण्यास उपयोगी पडत नाही, पण मुलाला संरक्षणही देत नाही. म्हणून सोळा-सतराव्या वर्षी लांब मुदतीच्या कागदापेक्षा एका हंगामाची नोंदणी, शाळेची व्यवस्था, विमा आणि दुखापतीचा खर्च या गोष्टी लिहून घेणे पालकांनी अधिक महत्त्वाचे मानावे. मुलाला १८ वर्षे पूर्ण झाली की नवा करार त्याने स्वतः वाचून करावा.

परदेशी जाण्याचा विषय असेल तर नियम याहून कडक आहे. अठरा वर्षांखालील खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली मुळातच निषिद्ध आहे आणि अपवाद मोजके आहेत, उदाहरणार्थ आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात स्थायिक होणे. हा नियम मोडल्याबद्दल बार्सिलोनाला २०१४ मध्ये ४ लाख ५० हजार स्विस फ्रँक दंड आणि दोन नोंदणी काळांची बंदी झाली आणि २०१५ चे पूर्ण वर्ष त्या क्लबला नवे खेळाडू मैदानात उतरवता आले नाहीत. आर्दा तुरान आणि अलेश विदाल यांना त्या उन्हाळ्यात विकत घेऊनही जानेवारी २०१६ पर्यंत बसवून ठेवावे लागले. चेल्सीलाही २०१९ मध्ये अशाच कारणाने बंदी झाली. पुढे ती दोन काळांवरून एकावर आली. त्यामुळे ‘पंधराव्या वर्षी स्पेनच्या अकादमीत थेट प्रवेश’ असे कोणी सांगत असेल, तर तो मुलगा तेथे अधिकृत सामना खेळणार कसा, हा प्रश्न आधी विचारावा.

आमच्या तालमीत घडलेला मुलगा मोठ्या क्लबकडे गेला. मंडळाला काही मिळते का?

मिळू शकते, आणि या पानावरील सर्वांत महत्त्वाचे उत्तर हेच आहे, असे मी मानतो. कोल्हापुरात मुलाला पहिले बूट घेऊन देणारा, गांधी मैदानावर पहाटे सराव घेणारा आणि सामन्यानंतर त्याला घरी सोडणारा कार्यकर्ता पेठेतला असतो. त्याच्या मंडळाचा हक्क नियमांनी मान्य केला आहे आणि तरीही तो मागितला जात नाही.

हक्क दोन प्रकारचे आहेत. पहिला, प्रशिक्षण भरपाई. खेळाडू पहिल्यांदा व्यावसायिक झाला, किंवा वयाच्या २३ व्या वर्षाच्या हंगामापर्यंत त्याची बदली झाली, तर १२ ते २१ या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांना नवा क्लब ठरावीक दराने रक्कम देतो. दुसरा, एकजूट निधी. करार चालू असताना खेळाडूची बदलीच्या रकमेवर आंतरराष्ट्रीय बदली झाली, तर त्या रकमेतील ५ टक्के वाटा १२ ते २३ या वयात तो ज्या ज्या क्लबांकडे नोंदलेला होता त्यांच्यात विभागला जातो. वय १२ ते १५ या चार वर्षांसाठी दरवर्षी ०.२५ टक्का आणि १६ ते २३ या आठ वर्षांसाठी दरवर्षी ०.५ टक्का, असा तो हिशेब आहे.

समजा एखादा मुलगा बाराव्या वर्षापासून अठराव्या वर्षाचा हंगाम संपेपर्यंत एकाच मंडळाकडे नोंदलेला होता आणि पुढे त्याची एक कोटी रुपयांना परदेशी क्लबकडे बदली झाली. पहिल्या चार वर्षांचा १ टक्का आणि पुढच्या तीन वर्षांचा १.५ टक्का धरून मंडळाला अडीच लाख रुपये मिळतात. मंडळाच्या वर्षभराच्या खर्चात ही रक्कम लहान नाही. दोन भारतीय क्लबांतील बदलीला मात्र फिफाचा हा हिशेब लागत नाही; तेथे महासंघाचे देशांतर्गत नियम पाहावे लागतात.

नोव्हेंबर २०२२ पासून आंतरराष्ट्रीय बदल्यांमधील या रकमांचे वाटप पॅरिसमधील फिफा क्लिअरिंग हाऊसमार्फत होते आणि ते खेळाडूच्या ‘इलेक्ट्रॉनिक पासपोर्ट’वरून ठरते. कोणत्या वयात तो कोणत्या क्लबकडे नोंदलेला होता, याचा तो इतिहास असतो. घोडे अडते ते येथेच. कपाटातील जुन्या नोंदवह्या उघडल्या तर मुलांची नावे ‘पिंट्या’, ‘बाळू गोलकीपर’ अशी सापडतात, जन्मतारखेचा रकाना कोरा असतो आणि एकाच मुलाचे नाव शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारकार्डावर दुसरे असते. प्रशिक्षण मंडळाने दिले हे साऱ्या पेठेला ठाऊक असते, पण महासंघाच्या नोंदणी प्रणालीत मंडळाचे नाव नसेल तर पैसे वाटणाऱ्याला ते दिसतच नाही. बारा वर्षांच्या मुलाची रीतसर नोंदणी, जन्मदाखल्याप्रमाणे नाव आणि प्रत्येक हंगामाची सुरुवात व शेवट यांची तारीख, एवढे काम आज केले तर दहा वर्षांनी मंडळाचा हक्क शाबूत राहील.

परदेशी खेळाडू घेताना मंडळाने काय पाहावे?

आफ्रिकी खेळाडू कोल्हापूरच्या मैदानांना नवे नाहीत आणि प्रेक्षकांनी त्यांना भरभरून प्रेम दिले आहे. खेळाडू पूर्वी दुसऱ्या देशाच्या महासंघाकडे नोंदलेला असेल, तर आंतरराष्ट्रीय बदली प्रमाणपत्राशिवाय त्याची नोंदणी होऊ शकत नाही. त्याचा व्हिसा कोणत्या प्रकारचा आहे आणि तो पैसे घेऊन खेळण्यास मुभा देतो का, हेही तपासावे लागते. पर्यटक व्हिसावर मानधन देऊन खेळवणे हा फुटबॉलच्या नियमांपलीकडचा गुन्हा ठरू शकतो. त्याच्याशी लेखी करार करून पगार थकवला, तर तो फिफाकडे तक्रार करू शकतो, हे पदाधिकाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. परगावी, परभाषेत एकट्या पडलेल्या खेळाडूचे पैसे बुडवणे शहराच्या नावाला शोभणारे नाही.

एजंटाने चाचणीसाठी पैसे मागितले. द्यावेत का?

देऊ नयेत. फिफाच्या एजंटविषयक नियमांनुसार एजंटाला परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना घ्यावा लागतो आणि अल्पवयीन खेळाडूशी बोलण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्यावी लागते. परवाना क्रमांक मागावा आणि ज्या क्लबचे नाव सांगितले जाते त्या क्लबला स्वतः ईमेल करून खात्री करावी. पैसे घेऊन कोणी पसार झाला, तर तो फुटबॉलचा वाद उरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार पोलिसांकडे करावी.

बदली ठरली, पण खेळाडू नव्या संघाकडून खेळूच शकला नाही, तर रक्कम द्यावी लागते का?

बदली पूर्ण झाली असेल तर द्यावी लागते. अर्जेंटिनाचा एमिलियानो साला जानेवारी २०१९ मध्ये फ्रान्सच्या नॉन्तकडून कार्डिफकडे १ कोटी ७० लाख युरोंना गेला आणि नव्या क्लबकडे जाताना विमान अपघातात त्याचा मृत्यू झाला. बदली पूर्ण झालीच नव्हती, असे कार्डिफचे म्हणणे होते. फिफाने ६० लाख युरोंचा पहिला हप्ता भरण्यास सांगितले आणि क्रीडा लवाद न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये तो आदेश कायम ठेवला. एका तरुण खेळाडूच्या मृत्यूनंतर दोन क्लब पैशांसाठी भांडतात हे वाचताना त्रास होतो, पण प्रमाणपत्र केव्हा निघाले आणि नोंदणी कोणत्या क्षणी पूर्ण झाली या तारखांवरच तो खटला उभा होता. वैद्यकीय तपासणीचेही असेच आहे. ती सहीपूर्वी करून घ्यावी, कारण ‘तपासणीत उत्तीर्ण झाल्यास करार वैध’ अशी अट फिफाचे नियम मानत नाहीत.

तक्रार कोठे आणि किती दिवसांत करावी?

स्थानिक वाद केएसएकडे, राज्यातील वाद विफाकडे आणि देशातील व्यावसायिक करारांचे वाद महासंघाच्या खेळाडू दर्जा समितीकडे जातात. आंतरराष्ट्रीय स्वरूपाचे वाद फिफाच्या फुटबॉल न्यायाधिकरणाकडे जातात; तेथे घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि वादात खेळाडू असल्यास शुल्क आकारले जात नाही. निर्णयाचा सारांश मिळाल्यावर दहा दिवसांत कारणे मागावी लागतात. न मागितल्यास निर्णय अंतिम होतो. कारणांसह निर्णय मिळाल्यापासून २१ दिवसांत क्रीडा लवाद न्यायालयात अपील करता येते. तेथील खर्च मोठा असतो.

दंड किंवा भरपाई भरलीच नाही तर?

फिफाच्या निर्णयातील रक्कम ४५ दिवसांत भरली नाही, तर क्लबवर पैसे भरेपर्यंत, जास्तीत जास्त सलग तीन नोंदणी काळांची बंदी येते. ईस्ट बंगालला जॉनी अकोस्टा याच्या थकबाकीमुळे आणि हैदराबाद एफसीला बार्थोलोम्यू ओग्बेचे याच्या थकबाकीमुळे ही बंदी सोसावी लागली. खेळाडूवरही बंदी येऊ शकते, पण तिला सीमा आहे. मातुझालेमने भरपाई भरली नाही म्हणून शाख्तारने मागितल्यास त्याला फुटबॉलमधून अनिश्चित काळ बाहेर ठेवण्याची तरतूद करण्यात आली होती. स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१२ रोजी ती रद्द केली. ज्या कामातून माणूस कर्ज फेडू शकतो तेच काम बंद करणे त्या न्यायालयाला मान्य झाले नाही. मला हा निवाडा फार मोलाचा वाटतो.

थेट कोल्हापूरच्या न्यायालयात दावा लावता येतो का?

रोजगाराच्या वादात दिवाणी न्यायालयात जाण्याचा खेळाडूचा व क्लबचा हक्क फिफाचे नियमही मान्य करतात. मात्र करारात लवादाचे कलम असेल, तर लवाद व सलोखा कायदा, १९९६ नुसार न्यायालय पक्षकारांना लवादाकडे पाठवते. त्यामुळे सहीपूर्वी ते कलम शोधावे आणि लवादाची जागा कोठे आहे ते पाहावे. कोल्हापूरच्या मुलाला सुनावणीसाठी प्रत्येक वेळी दूरच्या शहरात जावे लागणार असेल, तर ते कलम बदलून मागता येते.

करार हाती आल्यावर नेमके काय वाचावे?

पगाराची ओळ सर्वजण वाचतात. मागच्या पानांवर ‘क्लबला आपल्या मर्जीने आणखी दोन हंगाम मुदतवाढ देण्याचा अधिकार राहील’ असे एखादे वाक्य दडलेले असते. ते एकतर्फी असेल तर काढून टाकण्यास सांगावे, किंवा मुदतवाढीबरोबर पगारवाढ लिहून घ्यावी. दुखापतीच्या काळात पगार चालू राहतो का, शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा, लोनवर पाठवल्यास पगाराची जबाबदारी कोणाची, आणि करार मोडल्यास भरपाईचा आकडा ठरवलेला आहे का, हे पाहावे. हा आकडा खेळाडूसाठी पाच कोटी आणि क्लबसाठी एक महिन्याचा पगार असा विषम असेल, तर सही करू नये. कोऱ्या जागा असलेल्या कागदावर तर कोणत्याही परिस्थितीत सही करू नये. प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या सह्या, तारीख आणि ठिकाण असावे, आणि सही केलेली प्रत त्याच दिवशी ताब्यात घ्यावी. ‘नंतर पाठवतो’ असे उत्तर मिळाले, तर तेथेच बसून मोबाइलवर प्रत्येक पानाचे छायाचित्र काढावे आणि त्याच संध्याकाळी ते स्वतःच्या व पालकांच्या ईमेलवर पाठवून ठेवावे.